सीचा बांध

आमचा साताऱ्यातला फ्लॅट दोन खोल्यांचा आहे, पण टेबलाखालच्या संगणकात मी पाच खोल्या काढल्या आहेत. सी ही ओसरी, डी माजघर, ई कोठी, जी माळा आणि एच अडगळ. मधला एफ कुठं गेला असं कुणी विचारलं, तर तो डीव्हीडीच्या खणाला दिलाय. त्या खणात गेली सहा वर्षं डीव्हीडी गेलेली नाही. बटण दाबलं की तो जीभ काढून दाखवतो आणि परत आत घेतो. पण एकदा दिलेलं अक्षर काढून कसं घ्यायचं? गावाकडच्या आमच्या घरात एका खोलीला अजून 'आत्याची खोली' म्हणतात. आत्या लग्न होऊन गेली ती १९६८ साली.

ही नावं मी हौसेनं दिलीत. पूर्वी डिस्कचं नाव अकरा अक्षरांत, तेही इंग्रजी कॅपिटलमध्ये कोंबायला लागायचं. आता बत्तीस अक्षरांपर्यंत सरळ मराठीत लिहिता येतं. मी कोठीचं नाव आधी 'कोठी (हात लावू नये)' असं ठेवलं होतं, पण घरात हात लावणारा मी एकटाच आहे हे लक्षात आल्यावर कंस काढून टाकला. ज्या रविवारी मी कोठीतले एकूण एक फोटो वर्षवार, महिनावार लावून काढले, त्याच संध्याकाळी हिनं विचारलं, "अहो, लाइटबिल कुठं ठेवलंय?" मला सांगता आलं नाही. ते अजून सापडलेलं नाही. डुप्लिकेट काढावं लागलं.

वाटण्यांचा हा नाद मला लावला तो पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका पोरानं. १९९९ साली त्याच्याकडून मी पहिला संगणक जुळवून घेतला. त्यात ४.३ जीबीची डिस्क होती, आणि एवढ्या जागेत मी आयुष्यभर काय भरणार आहे असा प्रश्न मला तेव्हा खरोखर पडला होता. पोरानं फटाफट काळ्या पडद्यावर आकडे टाकले आणि डिस्क निम्मी निम्मी केली. दोन जीबी सी, दोन जीबी डी. "एकच मोठा का नाही केला?" मी विचारलं. "काका," तो वर न बघता म्हणाला, "सी गेला तर डी वाचतो."

खरं कारण वेगळं होतं, हे मला पुढं वाचून कळलं. त्यानं ज्या जुन्या पद्धतीनं डिस्क आखली, तिच्यात एका तुकड्याला दोन जीबीच्या वर जाताच येत नसे. त्याहून मोठं रान मोजायची साखळीच तलाठ्याकडं नव्हती म्हणा ना. शिवाय त्या पद्धतीत एवढ्या मोठ्या तुकड्यात लहानात लहान वाफा ३२ केबीचा. मी पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर लिहिला तरी त्याला अख्खा वाफा जायचा. पण पोरानं मला पद्धत सांगितली नाही, मंत्र सांगितला. सी गेला तर डी वाचतो. हा मंत्र मी पुढची दहा वर्षं येईल त्याला दिला. लग्नकार्यात भेटलेल्या, संगणक नसलेल्या माणसांनाही दिला.

मुळात सीपासूनच सुरुवात का, हेही मला बरेच दिवस कोडं होतं. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्याच्यात हार्ड डिस्क नव्हतीच. एक किंवा दोन फ्लॉपीचे खण असत, त्यांना ए आणि बी म्हणायचं. १९८३ साली पुढचं मॉडेल आलं, त्यात दहा एमबीची डिस्क बसवली आणि तिला रांगेतलं पुढचं अक्षर मिळालं. मग ए गेला, बी गेला, फ्लॉपी कशी दिसायची हे पोरांना चित्रात दाखवायची वेळ आली, तरी सी आपला तिसऱ्याच पाटावर बसलाय. पुढचे दोन पाट रिकामे. आमच्या भावकीत एक 'धाकटे अण्णा' होते. वयाच्या नव्वदीत, भावकीतले सगळे थोरले मागं टाकूनही, ते धाकटे अण्णा म्हणूनच गेले.

२००१ साली दुसरी डिस्क आली, २० जीबीची. तेव्हाच्या डिस्क पट्टीसारख्या रुंद, राखाडी केबलीनं जोडायच्या. एका केबलीला दोन जागा. दोघांत मोठा कोण आणि धाकटा कोण, हे डिस्कच्या पाठीमागच्या पिनांवर जंपर नावाचा नखाएवढा तुकडा बसवून ठरवायचं. दोघांनाही मोठेपण दिलं की दोघंही रुसायचे आणि पडद्यावर एकही दिसायचा नाही. माझ्या हातून तो जंपर कॅबिनेटमध्ये पडला. काढायला म्हणून कॅबिनेट उचलून उलटं केलं, तर जंपर सोडून सगळं बाहेर आलं. दोन स्क्रू, सुपारीएवढा धुळीचा गोळा आणि एक वाळलेली पाल. जंपर दुसऱ्या दिवशी हिच्या केरसुणीला लागला. तेवढ्यापुरतं मी त्या केरसुणीला लक्ष्मी मानलं.

डिस्क बसली, मशीन सुरू झालं आणि घरातल्या सगळ्यांची नावं बदलली. तेव्हाचा नियम असा होता की आधी प्रत्येक डिस्कवरच्या मुख्य तुकड्याला अक्षर द्यायचं, पोटहिश्शांचा नंबर त्यानंतर. त्यामुळं नवी डिस्क आली ती थेट डी होऊन बसली आणि जुन्या डीला मुकाट्यानं ई व्हावं लागलं. आपल्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत होती. इथं सुनेनं माप ओलांडलं आणि सासरच्यांची नावं बदलली. मुलीचा गेम जुन्या पत्त्यावर जाऊन 'इथं असं कुणी राहत नाही' म्हणून परत यायला लागला. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

त्या काळातलं एकच काम मला खरोखर आवडायचं, ते डीफ्रॅगचं. एखादी फाइल डिस्कवर सलग जागा मिळाली नाही की तुकड्यातुकड्यानं ठेवली जाते. थोडी इथं, थोडी तिथं. ते सगळे तुकडे गोळा करून शेजारी शेजारी बसवायचं काम म्हणजे डीफ्रॅग. पडद्यावर रंगीत चौकोनांचा गालिचा पसरायचा आणि एकेक चौकोन उचलून पुढं नेऊन ठेवला जायचा. मी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर तासन्‌तास बसलोय. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा मागं उभं राहून ते बघितलं आणि विचारलं, हे काय चाललंय? मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुकडेबंदी-तुकडेजोड." १९४७ सालचा तो कायदा आबांच्या चांगला परिचयाचा होता. जमिनीचे बारीक बारीक तुकडे पडू नयेत आणि विखुरलेले तुकडे एकत्र यावेत, म्हणून केलेला. त्यावर आबांनी पुढं एकच गोष्ट विचारली. "तुझ्या यंत्राचं किती वर्षांत होतं?" मी म्हणालो, एका रात्रीत. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी शेजारची खुर्ची ओढून घेतली.

मंत्र खोटा निघाला तो २००९ साली. एका सकाळी कॅबिनेटमधून टक्... टक्... टक्... असा आवाज यायला लागला. डिस्कच्या आत तबकडी फिरत असते आणि तिच्यावरून, केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी उंचीवर, वाचणारं डोकं तरंगत असतं. त्याला ठरलेली खूण सापडली नाही की ते परत घरी येतं, पुन्हा जातं, पुन्हा परत येतं. तो टक् टक् आवाज त्या हेलपाट्यांचा. ती १६० जीबीची डिस्क होती. तिच्यावर सी होता, डी होता, ई होता, आणि डीमध्ये 'सीचा बॅकअप' आणि ईमध्ये 'डीचा बॅकअप' अशी माझी चोख व्यवस्था होती. सगळं एका दमात गेलं. वाटणी काय, ती कागदावर होते. खालची माती एकच असते. नदी फुगली की ती बांध बघून आत येत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यानं डिस्क कानाला लावून ऐकली, आणि आतलं काढून देण्याचे जे पैसे सांगितले ते माझ्या तेव्हाच्या एका पगारापेक्षा जास्त होते. मी डिस्क परत घेऊन आलो. ती अजून माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली आहे. टाकवत नाही. तिच्यात २००४ ते २००९ आहे.

नदीचा विषय निघालाच आहे, तर ५०० जीबीच्या डिस्कचंही सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिचीच आहे. २००९ नंतर काही दिवस मी मिळेल त्या जुन्या डिस्कवर काढले आणि शेवटी २०११ च्या दिवाळीनंतर नवी घ्यायला बाहेर पडलो. तर भाव गगनाला भिडलेले. दुकानदार म्हणाला, "थायलंडला पूर आलाय, साहेब." मला वाटलं हा माझी चेष्टा करतोय. पण ते खरंच होतं. जगातल्या डिस्कचा मोठा हिस्सा तिथल्या कारखान्यांतून येत होता आणि त्या पावसाळ्यात ते कारखाने पाण्याखाली गेले होते. कृष्णेच्या पुरानं भाजी महाग होते हे मी लहानपणापासून बघत आलोय. चाओ फ्राया नावाच्या, मी कधी न पाहिलेल्या नदीला पूर आला म्हणून माझ्या फोटोंची कोठी महागली. थांबावं म्हटलं तर धीर नव्हता. घेतली.

घरी आणून जोडली तर पडद्यावर ५०० ऐवजी ४६५. पस्तीस जीबी कमी! मी ताडताड परत दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे सांगितलं की कंपनी हजाराचा हिशोब धरते आणि संगणक एक हजार चोवीसचा. मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. पटवून दिलं ते तात्यांनी, पण त्याला बरीच वर्षं जावी लागली.

तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे सोडून बाकी सगळं ठणठणीत. आबा गेल्यावर वारस म्हणून माझं एकट्याचं नाव लागलं, आत्यानं हक्कसोडपत्र दिलं (रानाचं, खोलीचं नव्हे) आणि साडेतीन एकर रान तात्या आणि मी अशा दोघांच्या नावावर सामाईक राहिलं. भांडण काही नव्हतं. पण "मी डोळ्यादेखत लावून जातो, मागं पोरांना कटकट नको," असं तात्यांचंच म्हणणं. सोमवारी तहसील कचेरीत कलम ८५ च्या वाटणीचा अर्ज द्यायचा ठरला आणि तात्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि फायलीत सातबारा घेऊन आले.

नेमकी त्याच शनिवारी माझी नवी दोन टीबीची डिस्क आली होती. मुलगी फोनवर सांगत होती, "बाबा, एसएसडी घ्या, फिरणारं काही नसतं तिच्यात." पण माझ्या पिढीला आत काही तरी फिरल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. रविवारी सकाळी नाष्टा झाल्यावर मी कॅबिनेटचा पत्रा काढला. तात्या खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांनी नवी डिस्क हातात घेतली, वजन पाहिलं.

"ह्यात किती मावतंय?"

मी म्हणालो, "तात्या, जगातली पहिली डिस्क १९५६ साली निघाली. पन्नास तबकड्या, एकेक दोन फुटांची, जात्याच्या तळीहून मोठी. अख्खं यंत्र टनाच्या वर. आणि मावायचं किती, तर तुमच्या मोबाइलमधले दोन फोटोसुद्धा धड मावले नसते."

"मग हलवत कसं हुते?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "फोर्कलिफ्टनं," मी म्हणालो. तात्यांनी डिस्क परत माझ्या हातात दिली, जरा जपूनच.

नवी डिस्क जोडल्यावर संगणक आधी विचारतो की हिचा दफ्तर-उतारा जुन्या पद्धतीनं ठेवू का नव्या. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या पानावर चौसष्ट बाइटांची एक पट्टी असते. सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी. म्हणजे वारस चारच. पाचवा जन्माला आला तर चौघांपैकी एकाच्या वाट्यात पोटहिस्से पाडायचे. शिवाय दोन टीबीच्या पलीकडचं रान त्या पट्टीला मोजताच येत नाही. नव्या पद्धतीत सरळ १२८ जणांची सोय. मी तात्यांना म्हणालो, शंभर कौरवांना देऊन वर अठ्ठावीस उरतील. तात्या म्हणाले, "ऱ्हायलं तरी त्यो पाच न्हाय द्यायचा."

खरी अडचण जुन्या ५०० च्या डिस्कवर होती. तिच्यावर मी २०११ साली सीला ९७ जीबी दिले होते, डीला १९५ आणि ईला १७३. सी म्हणजे ओसरी, तिथं विंडोज सोडून कुणी बसायचं नाही असा माझा नियम. पण ओसरीवर बसायचं नाही असं म्हणून कुठं चालतं का? येणारा जाणारा तिथंच टेकतो. डेस्कटॉपवर टाकलेली प्रत्येक गोष्ट मुळात सीमध्येच असते, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर' पासून 'न्यू फोल्डर (१४)' पर्यंत सगळी भावंडं नांदत होती. सी भरून पट्टी लाल झाली होती. डी, ईमध्ये जागा मोकळी आणि सीला श्वास घ्यायला जागा नाही.

माझा बेत सोपा होता. ईमधले सगळे फोटो नव्या डिस्कवर न्यायचे, ई मोडायचा आणि ती जागा सीला जोडायची. मी डिस्क मॅनेजमेंटचा पडदा उघडला. खाली प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी आणि तिच्यावर रंगीत चौकोन. सीवर गडद निळी रेघ, डी आणि ई फिक्या निळ्या, आणि त्या दोघांना मिळून बाहेरून एक हिरवी चौकट. तात्यांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

"ह्यो गटाचा नकाशा हाय."

"तसाच समजा."

"ही हिरवी चौकट कशाची?"

"तो एक मोठा हिस्सा. त्याच्या आत डी आणि ई हे पोटहिस्से."

"मंग बरुबर हाय," असं म्हणून ते सावरून बसले. एवढ्या वर्षांत मी ज्यांना ज्यांना हा पडदा दाखवला, त्यांतला एका दमात समजलेला हा पहिला माणूस. त्यांची नजर नव्या डिस्कवर गेली. "दोन म्हनलास आन् हितं तर एक पूर्णांक ऐंशी-ब्याऐंशी काय तरी दिसतंय." मी त्यांना हजार आणि एक हजार चोवीसचं सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "आरं, आपलं रान साडेतीन एकर. सातबाऱ्यावर काय हाय? एक हेक्टर बेचाळीस आर. म्हनून काय रान आटलं व्हय?" ज्या पस्तीस जीबींसाठी मी २०११ साली दुकानदाराशी तावातावानं भांडलो होतो, त्यांचा निकाल असा एका वाक्यात लागला. मला त्या दुकानदाराची माफी मागायला हवी. पण त्याच्या दुकानाच्या जागी आता मोमोचं दुकान आहे.

फोटो हलवायला घेतले. १४० जीबी. पट्टी म्हणाली पंचवीस मिनिटं, मग म्हणाली तीन तास, मग एक दिवस, मग परत चाळीस मिनिटं. तात्या म्हणाले, "ह्यो आपल्या तलाठ्यागत बोलतोय." दुपारी जेवण झालं, शेवग्याची आमटी झाली, तात्यांची वामकुक्षी झाली, आणि मग कुठं फोटो पलीकडं पोचले. मी ते उघडून, मोजून, खात्री करून घेतली आणि ई मोडला. त्या जागी फिकट हिरवा चौकोन उरला. मोकळं रान. आता सीवर उजवी कळ दाबायची, एक्स्टेंड व्हॉल्यूम म्हणायचं की झालं.

तर ते अक्षर राखाडी. दाबलं तरी दबत नाही. मी मशीन बंद करून चालू केलं. तरी राखाडी. इकडून तिकडून चार वेळा तेच केलं. मोकळी जागा समोर दिसतेय, एकाच डिस्कवर आहे, माझीच आहे, आणि सीला मिळत नाही. मी वैतागून कीबोर्ड ढकलला.

तात्या मागून म्हणाले, "कसा मिळंल? मधी धाकल्याचं रान न्हाय का?"

मी पडद्याकडं बघितलं. सी, मग डी, मग ती मोकळी जागा.

"बांध शेजारच्या रानातच सरकतो," तात्या म्हणाले. "मधल्याला वलांडून पल्याडची जमीन आपल्या तुकड्याला कशी चिकटंल? मधल्याला उठवून पल्याड बसीव आधी. आन् ती हिरवी चौकटबी मोडाय लागंल. पोटहिश्श्याच्या आतली जागा भायेरच्याला देत नसत्यात."

नेमकं तसंच होतं. संगणक जागा वाढवून देतो ती लगेच उजवीकडच्या, कुणाच्याही नावावर नसलेल्या जागेत. हिरव्या चौकटीच्या आतली मोकळी जागा ही त्या चौकटीचीच असते, बाहेरच्या सीची नव्हे. हे मी पुढं कुठं कुठं वाचून पडताळून घेतलं. इयत्ता सातवी पास माणसानं ते खुर्चीत बसून, चष्मा न पुसता सांगितलं होतं. अर्थात त्यासाठी त्यांनी साठ वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात, हेही खरं.

मग डीलाही उठवला. त्याचा सगळा पसारा नव्या डिस्कवर. गाणी, सिनेमे, सोसायटीचे हिशोब, आणि 'महत्त्वाचे' नावाचं एक फोल्डर, ज्यात 'खूप महत्त्वाचे' नावाचं दुसरं फोल्डर होतं आणि ते रिकामं होतं. संध्याकाळी वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. सगळं तसंच सोडून मी, ही आणि तात्या अंधारात गप्प बसून त्या पट्टीकडं बघत होतो, जसं काही आम्ही बघायचं थांबवलं तर ती थांबेल. यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज आली. डी मोडला, चौकट मोडली, हिरव्याचं काळं झालं. काळं म्हणजे कुणाचंच नसलेलं रान. सीवर कळ दाबली आणि ते राखाडी अक्षर ठळक झालं.

मी सगळीच जागा सीला देणार होतो. आकडा टाकला, तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "आन् हीर कुनाच्यात?"

"कसली विहीर?"

"आरं, रानाची वाटनी झाली की हिरीचं ठरवाय लागतंय. हीर वाटून देता येत न्हाय. ती सामाईक. पाळीनं पानी घ्यायचं. तुझ्या ह्येच्यात हीर कंची?"

मी जरा थांबलो. गाणी पुन्हा मिळतात, सिनेमे तर मी बघतही नाही. सोसायटीचे हिशोब सेक्रेटरीकडं आहेत. उरले ते फोटो. आणि ते आता फक्त नव्या डिस्कवर होते. एकाच ठिकाणी. स्वेटरखालची ती डिस्क मला आठवली.

सीला मी २५० जीबीवर थांबवलं. उरलेल्या २१५ जीबीचा नवा डी केला, आणि नव्या डिस्कवरचे फोटो परत तिथं उतरवून घ्यायला लावले. एक प्रत इकडं, एक तिकडं, दोन वेगळ्या तबकड्यांवर. (खोल्यांची नावं नंतर परत लावली. माजघर आणि कोठीची अदलाबदल करावी लागली, त्यात एक रविवार गेला, तो वेगळा.) एकेक फोटो पडद्यावरून सरकत होता आणि तात्या बघत होते. आमच्या लग्नाची वरात, मुलीचं बारसं, कुणाकुणाच्या मुंजी.

"आबाचा हिरीवरला फोटू कुठं हाय?"

२००६ साली विहिरीवर नवी मोटर बसवली, त्या दिवशीचा तो फोटो. मी तेव्हा नवाच डिजिटल कॅमेरा घेतला होता. दोघं भाऊ कठड्यावर बसलेले, मागं पाण्याची जाड धार, आणि तात्यांनी नेमके डोळे मिटलेले. मी तात्यांना कपाटातली ती डिस्क काढून दाखवली. "ह्यात आहे. पण निघत नाही."

तात्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. "ह्यात असंल," ते म्हणाले. "पर आमच्या भितीवरबी हाय की. तूच नव्हतास का फ्रेम करून धाडलास?"

मी साफ विसरून गेलो होतो. तीस किलोमीटरवर, देवळाशेजारच्या घराच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेली, एक प्रत.

सोमवारी कचेरीत अर्ज दिला. बाहेर टंकलेखकाच्या टेबलाशी उभं राहून मजकूर सांगताना तात्या एवढंच म्हणाले, "हीर आन् मोटर सामाईक, असं लिव." टंकलेखकानं ते न विचारताच लिहिलं होतं. तसंच तात्यांना सोडायला गावी गेलो आणि भिंतीवरची फ्रेम उतरवून अंगणात धरली. काचेवर ऊन चमकत होतं, त्यामुळं मोबाइलवर काढलेल्या फोटोत दोन भाऊ, पाण्याची धार आणि त्या सगळ्यावर मोबाइल धरून उभा असलेला मी, असे तिघंही आलेत. घरी येऊन तो संगणकात उतरवला. रात्री पोचल्याचा फोन केला, तर तात्यांनी आधी तेच विचारलं.

"टाकलास का फोटू?"

"टाकला."

"दोन्ही पेट्यांत?"

मी उठून परत संगणक चालू केला.